कागदावरची एकटी

आर्लेत थोनारला नगरपालिकेच्या मदत कचेरीतून दर महिन्याला पैसे मिळत, कारण ती गरीब होती. आणि ते पूर्ण मिळत, कारण ती एकटी होती. ही दुसरी अट आमच्या शोफूर गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. घरात एकच मोठं माणूस असेल तर पूर्ण मदत. दोघं एका छपराखाली राहायला लागली की दोघांचाही तिसरा हिस्सा कापला जातो, कारण भाडं एक, चूल एक, दिवा एक. सरकारचा हिशेब तसा चुकीचा नाही. पण त्यापायी गावात अशी कितीतरी जोडपी आहेत की जी कागदावर एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. दाराशी दोन टपालपेट्या, दोन वेगळे पत्ते, आणि कचेरीचं माणूस येणार म्हटलं की नवऱ्याचे कपडे पोत्यात भरून शेजारणीकडे.

आर्लेतला या भानगडीत पडायची वेळ बरीच वर्षं आली नाही. ती खरोखरच एकटी होती.

तिचा बाप कोळशाच्या भट्टीवर होता. ती स्वतः पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये लागली, तेव्हा जेमतेम अठराची होती. मोठ्या पातेल्यातून सूप वाढायचं तिचं काम. पाळी सुटली की काळ्या तोंडाची माणसं रांगेत यायची आणि ती प्रत्येकाला नावानं हाक मारायची. "काय रे, आज बायकोनं घराबाहेर काढलं वाटतं? दाढी केली नाहीस." असं काहीबाही बोलायची, आणि ती थकलेली माणसं हसायची. लग्न त्यातल्याच एकाशी झालं, लिओन त्याचं नाव. मूल झालं नाही. पुढं कारखान्यानं वरची भट्टी थंड केली, मग खालची. लिओन नुकसानभरपाईचे पैसे घेऊन एका केशकर्तनवालीबरोबर स्पेनला गेला, आणि तिथून त्यानं घटस्फोटाचे कागद धाडले. कँटीन बंद पडलं. आर्लेतनं बँकांच्या, वकिलांच्या खोल्या पुसल्या, पाठीचा मणका सरकेपर्यंत पुसल्या. विम्याचा डॉक्टर म्हणाला, हलकं काम जमेल. हलकं काम कुणी दिलं नाही. अशा एकेक पायऱ्या उतरत साठीच्या आसपास ती मदत कचेरीच्या बाकावर येऊन बसली.

पहिल्या दिवशी तिला फार लाज वाटली होती. तिनं चांगला कोट घातला होता, आणि मग वाटलं, चांगला कोट बघून पैसे देणार नाहीत. म्हणून तो काढून ती मांडीवर घेऊन बसली.

तिचं घर म्हणजे चढावरच्या एका विटांच्या घराचा पहिला मजला. स्वयंपाकघर, झोपायची खोली, आणि एक खिडकी, जिच्यातून म्यूज नदी आणि पलीकडची बंद पडलेली शेड दिसायची. गॅस कार्डावर चालायचा. दुकानात कार्डात पैसे भरून आणायचे, मीटरमध्ये घालायचं, संपले की ज्योत विझायची. हिवाळ्यात ती संध्याकाळी गोधडी गुंडाळून रेडिओ ऐकत बसे. आठवडेच्या आठवडे तिला हाक मारणारं कुणी नसे.

एर्मानो पोलास्त्री तिला भेटला तो स्वस्त किराण्याच्या रांगेत. जुन्या सिनेमाघरात ते दुकान भरतं. कचेरीची चिठ्ठी दाखवली की माल अर्ध्या किमतीत. तिच्या पुढं एक सडपातळ म्हातारा उभा होता, केस पाणी लावून मागं बसवलेले, हातात कुणीतरी टाकलेलं वर्तमानपत्र.

तो मागं वळून म्हणाला, "ऐकलंत का मादाम, आपल्याकडे दर चार माणसांत एक गरीब आहे म्हणे."

"मग बाकीचे तीन कुठं राहतात तेही लिहिलंय का? मला तर एकही भेटला नाही अजून."

"तेवढं लिहिलं असतं तर इथं डब्यातल्या मटारासाठी कशाला उभा राहिलो असतो? त्यांच्याच दारात गेलो असतो की."

आर्लेत हसली. आपल्या हसण्याचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला नाही.

एर्मानोचा बाप इटलीहून कोळशाच्या खाणीत आला आणि खाणीतच खोकून मेला. पोरानं खाणीचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं आणि सोळाव्या वर्षी जत्रेच्या गाड्यांबरोबर पळून गेला. पन्नास वर्षं त्यानं गावोगाव पाळणे उभे केले, उतरवले, पावसात वंगण घातलं, जाळीदार गोड वाफल भाजले. मालकानं त्याचं नाव कुठल्या कागदावर लावलं नाही आणि यानं विचारलं नाही. म्हातारपणी पेन्शन मागायला गेला तर सरकारदरबारी त्यानं आयुष्यात कामच केलेलं नव्हतं. मग म्हाताऱ्यांना मिळते ती किमान मदत मिळाली. तीही एकट्याची. आर्लेतच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, बंद पडलेल्या खाटिकाच्या दुकानावर, त्याची एक खोली होती.

तो आधी पिशवी उचलून द्यायला आला. मग नळ बघायला. मग नुसताच. दुपारी दोघं पत्ते खेळत. बरेच महिने सगळं बोलणं 'अहो-जाहो'त चाललं होतं. एके दिवशी त्यानं बाहीत लपवलेला एक्का तिनं पकडला आणि टेबलावर हात आपटून ओरडली, "लबाड कुठला! जत्रेत हेच शिकलास का रे तू?"

मग तिचा हात टेबलावरच राहिला.

"बोललीस एकदाची," एर्मानो म्हणाला. "त्या एक्क्याला मी महिनाभर बाहीत घेऊन फिरतोय."

त्या हिवाळ्यात तो राहिलाच. तसं कुणी ठरवलं नाही. दोन ठिकाणी गॅस जाळण्यापेक्षा एका ठिकाणी जाळावा, इतकं साधं ते होतं. त्याच्या कार्डातले पैसे तिच्या मीटरला लागले आणि स्वयंपाकघर पहिल्यांदा दुपारपासून उबदार राहायला लागलं. तो कांदा परतून खिम्याचे गोळे करायचा, त्यावर सफरचंदाच्या काकवीचा आंबटगोड रस्सा. ती बटाटे तळायची. जेवताना तो सांगायचा, कुठल्या गावच्या जत्रेत पाळण्याची साखळी तुटली, कुठल्या महापौराची टोपी वाऱ्यानं वाफलच्या पिठात पडली. त्यातलं निम्मं खोटं असावं. आर्लेतला त्याचं काही नव्हतं.

"कचेरीवाले घरी आले की म्हणे दात घासायचे ब्रश मोजतात," ती एकदा म्हणाली.

"मग मी सुटलो," तो कवळी वाजवत म्हणाला. "माझ्या दातांना पेला लागतो. पेले कुणी मोजत नाही."

पण कचेरीनं ब्रश मोजायचे सोडून दिले होते. किराण्याच्या रांगेतच कुणीतरी सांगितलं की आता पाणी आणि वीज कंपनीकडून आकडे मागवतात. ज्याचं मीटर हलत नाही तो तिथं राहत नाही, हे उघड आहे. एर्मानोचं मीटर नोव्हेंबरपासून हललं नव्हतं.

तेव्हापासून तो रोज सकाळी आपल्या खोलीवर 'राहायला' जाऊ लागला. नळ सोडायचा, दिवा लावायचा, थोडा वेळ बसायचा, आणि बंद करून परत यायचा. एकदा आर्लेतही त्याच्याबरोबर गेली. खोलीत ओल आली होती. पलंगावर गादी गुंडाळलेली होती. तिच्या कडेला दोघं कोट घालूनच बसली. समोर बेसिनमध्ये पाण्याची धार लागली होती, आणि दिवसाउजेडी वर बल्ब जळत होता.

"हे काय करतोयस आत्ता?" आर्लेतनं विचारलं.

"दिसत नाही? आंघोळ करतोय." तो धारेकडे बघत होता. "थांब, आता कपडे धुतोय. शर्टाची कॉलर मळलीये बघ."

"चांगली घास. आणि आता?"

"आता भांडी."

"किती रे भांडी? पाहुणे आले होते का?"

"छे. पाहुणे कुठले," तो म्हणाला. पुढची गंमत त्याला सुचली नाही. पाणी वाहत राहिलं. दोघंही ते बघत राहिली. हे पाणी पैसे भरून घेतलेलं होतं, आणि त्यात कुणाचं काही धुतलं जात नव्हतं. शेवटी तिनंच उठून नळ बंद केला.

फेब्रुवारीत, बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता अशा एका सकाळी, दाराची घंटा वाजली. आर्लेतनं वरच्या खिडकीतून बघितलं. खाली नोएमी पिरार उभी होती. कचेरीत आर्लेतची फाइल तिच्याकडे असायची. पोरगी तिशीची, स्वभावानं चांगली. बाकावर बसलेल्या माणसाला आत बोलवायला ती स्वतः उठून दाराशी यायची. पण आज ती न कळवता आली होती.

एर्मानो चुलीपाशी कांदा परतत होता. अंगात बनियन, त्यावर आर्लेतचा फुलाफुलांचा एप्रन, पायात सपाता. जिना एकच होता आणि त्यावर पावलं वाजायला लागली होती.

नोएमी आत आली, ओली छत्री कोपऱ्यात ठेवली, आणि म्हणाली, "माफ करा हं मादाम, असं अचानक यावं लागलं. आम्हाला तसं सांगितलंय." मग तिची नजर चुलीकडे गेली. "हे कोण?"

"नळवाले," आर्लेत म्हणाली. तोंडातून शब्द निघून गेल्यावर तिला तो ऐकू आला. "म्हणजे नळ गळत होता ना माझा. इथंच मागच्या गल्लीत राहतात. बघून देतात."

"नात्यातले आहेत तुमच्या?"

"छे हो! कसले नात्यातले. माझे कुणी नाहीत ते."

आणि ती हसली. कँटीनमध्ये सूप वाढताना हसायची तसं, मोकळं, खोटं न वाटणारं हसली.

एर्मानोनं गॅस बारीक केला. एप्रनची गाठ सोडली, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "वायसर बदललाय मादाम," तो आर्लेतला म्हणाला. "आता नाही गळणार."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आर्लेतला वाटलं, नोएमी अजून बघतेय. तिनं फडताळावरची पर्स घेतली, त्यातून एक नाणं काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. "घ्या. तुम्हाला उगाच त्रास दिला."

त्यानं ते घेतलं. "आभारी आहे," म्हणाला, खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि जिना उतरून गेला. त्याचे बूट झोपायच्या खोलीत पलंगाखाली होते. त्यांच्यासाठी आत जाता आलं नाही.

नोएमी खिडकीशी उभी होती. खाली चिखल झालेल्या बर्फातून एक म्हातारा सपाता घालून, भिंतीला हात लावत उतार उतरत होता. तिनं तो वळणाआड जाईपर्यंत बघितलं.

"कांदा करपतोय तुमचा," ती म्हणाली.

मग तिनं घर बघितलं, बघायचंच होतं. झोपायच्या खोलीत ती थोडा वेळ थांबली. बाहेर आल्यावर तिनं काहीही विचारलं नाही. छत्री उचलताना मात्र आवाज खाली आणून म्हणाली, "मादाम थोनार, तुम्ही एकट्याच राहता असं मी लिहिणार आहे. पण पुढच्या वेळी माझ्याबरोबर दुसरं कुणीतरी असेल. तुमच्या नळवाल्यांना सांगा, काही दिवस लांब राहा म्हणावं."

आर्लेतनं मान हलवली. नोएमी गेल्यावर ती काळ्या पडलेल्या कांद्यापाशी उभी राहिली. सुटले, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. भीती इतकी मोठी होती की बाकी काही आठवायला दुपार उजाडली.

एर्मानो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शहाणपणच ते, असं तिनं स्वतःला सांगितलं. आठवडा गेल्यावर तिनं त्याचे बूट पिशवीत घातले, वर स्वतः केलेले रस्सागोळे डब्यात ठेवले आणि त्याच्या खोलीवर गेली.

दार त्यानंच उघडलं. खोलीत गादी अंथरलेली होती, शेगडी पेटलेली होती, बेसिनवर खरोखरची भांडी होती.

"काय मादाम, नळ गळतोय का परत?"

"एर्मानो, पुरे कर."

"ये, बस."

ती बसली नाही. "काय करायला हवं होतं मी? सांग ना. तू माझा नवरा म्हणायचं होतं? तुझेही पैसे गेले असते."

"तू बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं." तो शेगडीपाशी उकिडवा बसला. "खोटं बोललीस त्याचा मला राग नाही गं. आयुष्यभर जत्रेत काढलं, खोट्यावर तर पोट भरलं माझं. पण तू ते किती छान बोललीस. अडखळली नाहीस. आणि वर पैसे."

"घाबरले होते रे मी."

"माहीत आहे. मीपण घाबरलो होतो. म्हणून तर घेतले."

तिनं पिशवी खाली ठेवली. बूट बघून त्याला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. त्यानं डबा घेतला, धुवून परत दिला. एवढंच.

मार्चमध्ये तो गावातून गेला. जत्रेच्या जुन्या मालकाच्या बायकोनं त्याला निरोप धाडला होता. पलीकडं हेस्बेच्या सपाट प्रदेशात, बीटच्या शेतांमध्ये, त्यांचे पाळणे थंडीत झाकून ठेवायच्या शेडी होत्या. शेडीला लागून एक खोली रिकामी होती. भाडं कमी, शेडीवर नजर ठेवायची. त्यानं पत्ताही तिकडचा लावून घेतला. जायच्या आधी तो आर्लेतच्या दारात आला, वर आला नाही. तिच्या हातात कांद्याच्या रोपांची एक जुडी दिली आणि म्हणाला, "खिडकीत लाव. पात तरी खाशील." बस तासाभराची होती, पण तिकडून रोज येणं परवडणारं नव्हतं.

नंतरचे दिवस आर्लेतला नीट सांगता येत नाहीत. आधी ती एकटीच होती, तेव्हा ते तिला कळत नव्हतं. आता कळायला लागलं. हात सवयीनं दोघांपुरते बटाटे सोलायचे. पत्त्यांचा जोड तिनं फडताळाच्या मागं ढकलला. रेडिओवरचा माणूस "शुभ सकाळ" म्हणाला तर ती उत्तर द्यायची आणि मग इकडंतिकडं बघायची. एकदा पावाच्या दुकानात तिनं पाव मागितला तर काउंटरवरची मुलगी पुढं वाकून म्हणाली, "काय म्हणालात आजी?" आर्लेतनं पुन्हा सांगितलं. आवाज घोगरा, फाटका निघाला. चार दिवसांत तो वापरलाच नव्हता. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहून कँटीनमधल्या माणसांची नावं मोठ्यानं म्हणत राहिली, घसा मोकळा होईपर्यंत.

उन्हाळा असाच गेला. ऑक्टोबरात जवळच्या लिएज शहरात मोठी जत्रा भरली, तेव्हा ती बसनं गेली. पाळण्यांमधून, तळलेल्या पिठाच्या वासातून, दुपारभर हिंडली. एर्मानो म्हणायचा, हंगामाला हात कमी पडले तर मला बोलावतात. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. परत येताना बसमध्ये तिचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी ती मदत कचेरीत गेली. चांगला कोट घालून गेली. नोएमी पिरार नेहमीप्रमाणे दाराशी आली आणि तिला आत घेऊन गेली.

"मला सोबत राहणारी लिहा," आर्लेत म्हणाली.

नोएमीला आधी कळलं नाही. "कुणाबरोबर?"

"एर्मानो पोलास्त्री. तुम्ही बघितलंय त्यांना. माझा नळ बघायचे ते."

नोएमीनं हातातलं पेन खाली ठेवलं. "मादाम थोनार, असं सांगायला इथं कुणी येत नाही. उलटं सांगायला येतात. तुमचा तिसरा हिस्सा जाईल. त्यांचाही जाईल. त्यात भाडं, गॅस... तुम्ही विचार केलाय ना?"

"केलाय. एका खोलीचं भाडं वाचेल. मांस कमी खाऊ. माझा कोट अजून दहा वर्षं जाईल."

"आणि ते काय म्हणतात?"

आर्लेतनं हातमोजे मांडीवर नीट केले. "त्यांना अजून विचारलं नाही."

नोएमीला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. तिनं ते लपवायला खिडकी उघडली. "मग आधी विचारा ना हो," ती म्हणाली. "मी काही लिहीत नाही अजून. विचारून या. ते हो म्हणाले तर आपण दोघी मिळून बघू, कुठं काय वाचवता येतं ते. गॅसची सवलत आहे, आणखीही काही निघेल."

त्या बुधवारी ती हेस्बेला गेली. गाडीवाट बीटच्या ढिगांमधून जात होती. लांबवर आभाळाखाली पत्र्याच्या शेडी दिसत होत्या. एर्मानो एका झाकलेल्या पाळण्याची ताडपत्री बांधत होता. तिला बघून त्यानं दोरी सोडली नाही, पण त्याचा हात थांबला.

खोली नीटनेटकी होती. त्यानं कॉफी केली. ती घोटभर प्यायली आणि कप खाली ठेवून सगळं एका दमात सांगून टाकलं. कचेरीत काय म्हणाली ते, नोएमी काय म्हणाली ते, भाडं, मांस, कोट.

एर्मानोनं आपला कप बाजूला सारला.

"तू खरंच गेलीस तिथं?" त्यानं विचारलं. "माझं नाव घेऊन?"

"घेतलं. मोठ्यानं."

त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याचे हात वंगणानं काळे होते. तिला वाटलं, हो म्हणाला.

"नाही गं आर्लेत," तो म्हणाला.

"अजून राग आहे?"

"राग कधीच गेला. ऐक माझं. माझ्या घरात आम्ही सात जण होतो आणि पैसे चौघांपुरते. मी आई-बाबांना बटाट्यावरून भांडताना बघितलंय. वाईट माणसं नव्हती ती. एकमेकांवर जीव होता. पण महिना सरत आला की बाबा आईच्या ताटाकडे बघायचा. नुसता बघायचा, आणि आई ताट फिरवून बसायची. त्या बघण्याला भिऊनच मी सोळाव्या वर्षी पळालो." तो थांबला. "तू माझ्या ताटाकडे तशी बघितलीस तर मी काय करू? किंवा मीच बघितलं तर?"

"मी नाही बघणार."

"आत्ता नाही. जानेवारीत?"

आर्लेतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला लिओन आठवला. भट्टी बंद झाल्यावरचं ते वर्ष, कॉफीत किती साखर टाकतोस म्हणून ती त्याच्यावर ओरडली होती ते. केशकर्तनवाली त्यानंतर आली होती, आधी नाही.

खिडकीबाहेर ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. एर्मानो उठला, बाहेर जाऊन ती बांधून आला. मग त्यानं बटाटे काढले, तिनं सुरी घेतली, आणि दोघं शेजारी बसून सोलत राहिली. जेवण झालं. पत्ते त्याच्याकडे होते. तो दोन डाव जिंकला आणि तिनं बाही तपासली नाही.

नोएमीला आर्लेतनं फोनवर सांगितलं, राहू द्या, एकटीच लिहा. नोएमीनं पुढं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "कुणाला भेटायला जायला नियमाची आडकाठी नसते हं मादाम. तिथं राहिलं तरच प्रश्न येतो. बसच्या पासावर सवलत आहे. अर्ज मीच भरून देते."

तेव्हापासून आर्लेत दर बुधवारी हेस्बेला जाते. आता पेन्शनीतली आहे ती, पण पेन्शन अपुरी, त्यावर मदतीची भर, आणि भरीला तीच अट. एर्मानोचा गुडघा गेलाय. ताडपत्र्या आता मालकिणीचा जावई बांधतो. दुपारी ती दोघं जेवतात, एक-दोन डाव खेळतात. तो अजून महापौराच्या टोपीची गोष्ट सांगतो आणि दर वेळी टोपी दुसऱ्याच कशात तरी पडते. कधी मध्येच दोघं पत्ते खाली ठेवतात, घड्याळाकडे बघत नाहीत, आणि तरी दोघांनाही कळतं की कोट घालायची वेळ झाली.

मुक्कामाला ती कधी राहत नाही. आधी त्यामागं कचेरीची भीती होती. आता भीतीही राहिली नाही, नुसती सवय आहे. मागच्या जानेवारीत बर्फामुळं बस येते की नाही असं झालं होतं. एर्मानो म्हणाला, "आजच्या दिवस राहा की. एका दिवसाचं कोण काय मोजतंय?" आर्लेतनं विचार केला, आणि तेवढ्यात शेतांच्या टोकाला बसचे दिवे दिसले.

"आलीच बघ," ती म्हणाली.

बसथांब्यावर बाक नाही. तो काठीवर रेलून तिच्याजवळ उभा असतो आणि बस येईपर्यंत दोघं रस्त्याकडे बघत राहतात. ती चढते, खिडकीशी बसते. शेतांत ओल्या मातीचे लांब पट्टे पडलेले असतात. गाडी निघते, तो हात वर करतो. बसमध्ये बुधवारी फारसं कुणी नसतं. ती पिशवी शेजारच्या जागेवर ठेवते, कोटाची बटणं लावते आणि शोफूर येईपर्यंत बाहेर बघत बसते.